‘अपाची’चा इको शोधून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
स.न.वि.वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘बरं बरं, चहा घेणार का?’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र उघड लिहितोय. शिवाय शॅडोज या ब्रिटिश बँडच्या गिटारच्या धुना वाजवायच्या म्हणून इको पेडल (गिटारच्या आवाजाला प्रतिध्वनी देणारी, पायानं चालवायची पेटी) शोधणारे माझ्यासारखे आणखी आहेत. तुमचं म्हणणं त्यांच्याही कानावर जाऊ दे.

‘कुठलं पेडल घेऊ?’ एवढंच विचारायला मी आलो होतो. तुम्ही उलट विचारलंत, ‘कुठली धून?’ मी म्हटलं, शॅडोजची ‘अपाची’. मग तुम्ही माझी गिटार कोपऱ्यात ठेवायला लावलीत, रेकॉर्ड लावलीत आणि म्हणालात, आता नुसतं टेबलावर बोटानं वाजव, शॅडोजचा गिटारवादक हँक मार्विन याचा मूळ सूर नाही, त्याच्या मागून येणारे सूर. ते बोटावर घेताना कळलं की सुरामागे एकच प्रतिध्वनी येत नाहीये. दोन-तीन येताहेत, एकमेकांच्या पाठोपाठ, आणि त्यांची स्वतःची एक लय आहे. ती लय पाठीशी आहे म्हणून हँकला मध्ये जागा सोडता येते. तुमच्या त्या बोटं आपटण्यानं माझी अर्धी खरेदी तिथंच झाली.

त्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत त्यातलं इतरांसाठी थोडं मांडतो. जेरी लॉर्डनची ही धून शॅडोजनी जून १९६० मध्ये लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत वाजवली. ऑगस्टमध्ये ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि पाच आठवडे तिथंच राहिली. गंमत म्हणजे तिनं खाली ओढलं ते शॅडोज ज्याच्या साथीला वाजवायचे त्या क्लिफ रिचर्डच्याच गाण्याला. (हा क्लिफ जन्मानं लखनौचा, हे तुम्ही दर वेळी सांगता, आणि दर वेळी तेवढ्याच अभिमानानं.) हँकची लाल स्ट्रॅटोकास्टर गिटार क्लिफनंच अमेरिकेहून मागवलेली. ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा, व्हॉक्स कंपनीचा. आणि इको इटलीच्या मेआत्झी कंपनीच्या मशीनचा, जे जो ब्राउन या गिटारवादकाकडून हँककडे आलं.

त्या मशीनचं तत्त्व तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. धावत्या टेपला टेकलेलं एक हेड तिच्यावर आवाज मुद्रित करतं, पुढची हेडं तोच आवाज थोड्या-थोड्या वेळानं वाचतात. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगानं धावत असेल आणि दोन हेडांत अडीच सेंटिमीटर अंतर असेल, तर प्रतिध्वनी साधारण १३० मिलिसेकंदांनी येणार. म्हणजे लय हेडांच्या अंतरात बसलेली असते. बिन्सनच्या एकोरेक या इको मशीनमध्ये टेपऐवजी तार गुंडाळलेली चकती आणि चार वाचणारी हेडं, लंडनच्या चार्ली वॉटकिन्सच्या कॉपीकॅटमध्ये टेपचा फास आणि तीन हेडं. मशीन वेगळं, हिशोब तोच.

हे एकदा डोक्यात बसल्यावर माझी यादी आपोआप गळाली. ॲनालॉग डिले, म्हणजे डिजिटल नसलेला इको, आवाजाला उबदार, त्याचे प्रतिध्वनी हळूहळू मंदावत जातात तेही छान, पण साधारणपणे तो एकाच अंतरानं परत बोलतो. लांबलचक डिले देणारं डिजिटल पेडल तर तुम्ही हातही न लावता बाजूला सारलंत. ‘एवढा वेळ थांबून काय करायचंय तुला? पुढचा सूर यायच्या आत आधीचा बोलून मोकळा झाला पाहिजे,’ हे तुमचं वाक्य मी पेडलच्या खोक्यावर लिहून ठेवलंय.

शेवटी बॉसचं आरई-२ पेडल घेतलं. ते रोलंडच्या १९७४ च्या स्पेस इको या टेप मशीनची नक्कल करतं. म्हणजे ‘अपाची’हून चौदा वर्षांनी धाकटं आणि देशानंही वेगळं, हे तुम्ही आधीच बजावलं होतंत. पण मूळ स्पेस इकोत जवळजवळ सारख्या अंतरावर तीन वाचणारी हेडं होती. त्यातलं पहिलं बंद ठेवून दुसरं-तिसरं चालू केलं की दोनास तीन असं प्रमाण मिळतं, आणि सुराच्या मागून घोड्याच्या टापांसारखं काहीतरी धावू लागतं. मला हवं होतं ते हेच. एकोरेकची नक्कल करणारी पेडलंही मिळतात. ज्याला खिसा परवडतो त्यानं तीही ऐकावीत.

ऑर्केस्ट्राच्या दिवसांतल्या तुमच्या गोष्टींचे वेगळे आभार. गायकाच्या माईकला लावलेली इकोची मशीन, कापूस आणि स्पिरिट घेऊन प्रयोगाआधी हेडं पुसणारे तुम्ही, झिजलेल्या टेपमुळे मातकट झालेला आवाज, आणि ऐन रंगात आलेल्या गाण्यात तुटलेला टेपचा फास. तुम्हाला त्या मशीनचं कौतुक आहे, पण तिची आठवण काढून तुम्ही हळवे होत नाही. ‘आत्ता टेप तुटत नाही ना, मग वाजव की!’ असं म्हणणारा जुना माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

बारीकसारीक गोष्टीही लिहून ठेवतोय, नाहीतर मीच विसरेन. पेडल हेडफोनवर पारखायचं नाही, ॲम्पवरच ऐकायचं. इको ॲम्पच्या आधी लावायचा आणि ॲम्प स्वच्छ ठेवायचा. रिपीट, म्हणजे प्रतिध्वनी किती वेळा परत यावा ते, कमी. इकोचा टोन थोडा उतरवायचा, कारण टेपवर प्रत्येक फेरीत वरचे सूर झडत जातात. ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात तिथल्या, पिकअपवर वाजवायचं आणि मूठ सैल सोडून सूर थरथरवणारा व्हायब्रेटोचा दांडा हातातच ठेवायचा. साथीला शॅडोजच्या ब्रूस वेल्चसारखी ॲकूस्टिक गिटार असली तरच इलेक्ट्रिकच्या इकोला मोकळी जागा मिळते, हे मला सगळ्यात उशिरा पटलं.

त्या ॲकूस्टिकसाठी माझ्याकडे माणूस नाही. तुमची गिटार कपाटावर आहे, ती मी पाहिलीये. तारा मी आणतो, तुमचा ॲम्पही रविवारी परत आणतो. काकूंना सांगून ठेवा, संध्याकाळी जरा आवाज होईल.

तुमचा,
पलीकडच्या इमारतीतला गिटारवाला