यादी कलमांवरून निघाली, वयावरून नाही

महोदय,

साथीच्या काळात वृद्ध आणि आजारी कैद्यांना सोडा, अशी मागणी झाली की 'गुन्हेगारांचे लाड कशाला' असं लगेच ऐकू येतं. मी त्या मागणीच्या बाजूची आहे. २०२० साली आपण ती मान्य केली खरी, पण चुकीच्या टोकाकडून.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि २३ मार्चला प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं. पॅरोल किंवा तात्पुरता जामीन कोणाला द्यायचा, हे समितीने ठरवायचं होतं. उदाहरणादाखल न्यायालयाने सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांतले कैदी सुचवले. तुरुंगांतली गर्दी कमी झाली, ते बरंच झालं. पण कोरोनाने जीव जात होता तो वयामुळे आणि आधीच्या आजारांमुळे. यादी मात्र निघाली कलमांवरून. चोरीतला पंचविशीचा धडधाकट पोरगा घरी जाऊ शकत होता. गंभीर कलम लागलेला, मधुमेह असलेला सत्तरीचा म्हातारा त्याच बराकीत राहत होता.

बराक जरा डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी टाळं लागलं की सकाळपर्यंत दार उघडत नाही. अंथरुणाला अंथरूण लागलेलं, कूस बदलली तरी शेजाऱ्याला धक्का. संडास तोच, पाणी तेच. अशा ठिकाणी 'अंतर राखा' कोणी कोणाला सांगायचं? २०१९ च्या अखेरीस देशातले तुरुंग क्षमतेच्या ११८ टक्के भरलेले होते, आणि दहांतले जवळपास सात जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता.

आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारे, एल्गार परिषद प्रकरणात आरोपी केलेले धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी त्यांतलेच. वय ८४, पार्किन्सन्सचा आजार. हात इतके थरथरायचे की पेला धरता येत नव्हता; साध्या स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. तळोजा तुरुंगातून रुग्णालयात हलवलं तोवर मे २०२१ संपत आला होता. कोरोनाची लागण झाल्याचं तिथेच कळलं. ५ जुलैला त्यांच्या जामिनाची सुनावणी होती, आणि ते गेल्याचं न्यायालयाला त्याच सुनावणीत सांगण्यात आलं. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे, याचा निकाल आता कधीच लागणार नाही. ही गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

ज्यांच्या घरातलं माणूस गुन्ह्यात गेलं, त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. आरोपी घरी येणार असेल तर त्यांना आधी कळवलंच पाहिजे, पोलिसांत हजेरीची अटही हवी. पण ज्याला दुसऱ्याच्या आधाराशिवाय उठून बसता येत नाही, तो पळून कुठे जाणार?

म्हणून शासनाने नियम करावा: साथ जाहीर झाली की साठीपुढचे, गंभीर आजारी आणि गरोदर कैदी यांचे अर्ज आधी ऐकायचे, कलम कोणतंही असो. जामीनदार मिळत नाही म्हणून गरीब माणूस आत राहू नये, जातमुचलका, म्हणजे त्याने स्वतःच लिहून दिलेली हमी, पुरेसा धरावा. आणि ही यादी साथ आल्यावर करायला बसू नये. ती तुरुंगाच्या दवाखान्यात आजपासूनच तयार असावी आणि दर तीन महिन्यांनी जिल्हा न्यायाधीशांपुढे जावी.

आपली,
एक वाचक