लखनौचे रस्ते, क्रॉयडनमध्ये

प्रिय अवधूत,

सप्रेम नमस्कार.

पत्रातला तुझा नवा पत्ता वाचून थबकलोच. आउट्रम रोड, ॲडिस्कम, म्हणजे लंडनच्या दक्षिणेचं क्रॉयडन! अरे, कुणाच्या वाड्याच्या जागेवर बिऱ्हाड थाटलंयस, कल्पना आहे का?

तुझ्या घराच्या आसपास १७०३ च्या सुमारास विल्यम ड्रेपर नावाच्या गृहस्थाने एक टोलेजंग हवेली बांधली. त्याचे सासरे म्हणजे डायरीकार जॉन एव्हलिन. जावयाचं घर पाहून म्हातारा इतका खूश झाला की सरे परगण्यातल्या उत्तम घरांत त्याने त्याची गणना केली. (सासऱ्याची साक्ष, तेव्हा थोडी वजावट कर.) शंभर वर्षांनी, १८०९ मध्ये, ती हवेली ईस्ट इंडिया कंपनीने विकत घेतली आणि तिथे लष्करी शाळा काढली.

सरकारची नव्हे, बरं का. एका व्यापारी कंपनीची, तिच्या पदरच्या फौजेसाठी. तोवर कंपनीची पोरं वूलिच आणि मार्लोच्या सरकारी शाळांत उसन्या जागेवर शिकत. इथे चौदा ते अठरा वर्षांची मुलं साधारण दोन वर्षं राहायची : गणित, तटबंदी, नकाशे, हिंदुस्थानी भाषा. परीक्षेला कंपनीचे डायरेक्टर जातीने हजर. वरचे नंबर इंजिनिअर्समध्ये, त्याखालचे तोफखान्यात, उरलेले पायदळात. विज्ञान शिकवायला १८२४ पासून विल्यम स्टर्जन होता. चांभाराकडे उमेदवारी केलेला, मग तोफखान्यात शिपाई झालेला हा माणूस. मास्तर झाल्यावर वर्षभरातच त्याने विद्युतचुंबक करून दाखवला!

साऱ्या आयुष्यात या शाळेने जेमतेम ३,६०० मुलं तयार केली. पण त्यांत गंगेचा कालवा काढणारा कॉटली आहे, भारतीय शब्दांचा तो गमतीदार कोश करणारा हेन्री यूल आहे, आणि आपल्या गोदावरीला खाली धवळेश्वरमला बंधारा घालणारा आर्थर कॉटनही आहे. तिकडचे शेतकरी अजून त्याच्या पुतळ्याला हार घालतात. मला हे पचवायला जड जातं, पण आहे ते आहे.

मात्र मी पत्र लिहायला बसलो तो वेगळ्याच माणसासाठी. हिंदुस्थानीचे प्रोफेसर होते जॉन शेक्सपिअर. व्याकरण, शब्दकोश सगळं त्यांच्या नावावर. त्यांच्या हाताखाली १८१० ते १८१६ मीर हसन अली नावाचे लखनौचे गृहस्थ शिकवत होते. विचार कर, मिसरूडही न फुटलेली गोरी पोरं पुढे ज्या मुलखावर हुकूम चालवणार, तिथली भाषा तिथल्याच माणसाकडून घोकताहेत. या हसन अलींनी एका इंग्रज बाईशी लग्न केलं, तिला घेऊन लखनौला परतले. बाई तिकडे बारा वर्षं राहिली आणि तिथल्या मुसलमानी घरांविषयी तिने छान पुस्तक लिहिलं.

पुढे १८५७ झालं. कंपनीचं राज्य गेलं, तिची फौज राणीच्या फौजेत मिसळली, मग शाळा कुणासाठी चालवायची? १८६१ मध्ये कुलूप. इस्टेट ब्रिटिश लँड कंपनीने घेतली, दोन वर्षांत हवेली जमीनदोस्त झाली, आणि प्लॉट पाडून रस्ते आखले. शाळेचं सारं आयुष्य ५२ वर्षांचं. कोवळ्या वयात नोकरीला लागलेला एखादा चपरासी तिचं बारसं आणि बारावं दोन्ही जेवला असता.

आता रस्त्यांची नावं बघ : आउट्रम, हॅवलॉक, क्लाइड. तिघेही लखनौवर चालून गेलेले सेनापती. तिघांपैकी एकही या शाळेत शिकलेला नाही! आणि शाळेचाच खरा विद्यार्थी हेन्री लॉरेन्स, जो लखनौच्या रेसिडेन्सीत तोफगोळा लागून मेला, तो या तिघांच्या पंगतीत नाही. लखनौहून खरोखर इथे आलेल्या मास्तरांची तर गोष्टच सोड.

एक काम कर. क्लाइड रोड जिथे ॲडिस्कम रोडला मिळतो, त्या कोपऱ्यावर शाळेच्या दोन इमारती उरल्या आहेत. एकीचं नाव ‘ॲशली’, दुसरीचं ‘इंडिया’. हॅवलॉक रोडवर जुनी व्यायामशाळाही आहे, तिथे आता फ्लॅट झालेत. ट्राममधून उतरलास की जरा वाट वाकडी कर आणि ‘इंडिया’चा एक फोटो पाठव. दारावर नावाची पाटी असेल तर ती नीट दिसेल असा.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
माधव