डर्बनला नुसता बीच बघून परत फिरू नका

संपादक साहेब,

सध्या साउथ आफ्रिकेच्या टूरच्या जाहिराती रोज दिसतात, आमच्या चिपळूणमधूनसुद्धा ग्रुपच्या ग्रुप जायला लागलेत. पण प्रोग्रॅम बघाल तर जोहान्सबर्ग, सन सिटी, क्रूगर, केपटाउन झालं की परत. डर्बन एकतर नसतंच, असलं तर एक संध्याकाळ बीचवर फिरवतात आणि सकाळी एअरपोर्ट. आम्ही ज्यांच्याबरोबर गेलो त्या कंपनीचंही तेच होतं, म्हणून आम्ही घरचे चौघं ग्रुप सुटल्यावर मागे राहिलो आणि ते शहर आमच्या आम्ही पाहिलं. त्याच्याबद्दल मराठी माणसांना काहीतरी सांगायला पाहिजे असं मनापासून वाटतंय म्हणून हे पत्र.

डर्बन हे मोठं बंदर. झुलू लोक त्याला इथेक्विनी म्हणतात. किनाऱ्याला गरम पाण्याचा समुद्री प्रवाह असल्यामुळे हवा दमट, डिसेंबर-जानेवारीत घाम काढणारी, पण जून ते ऑगस्ट म्हणजे त्यांचा हिवाळा एकदम मस्त, दिवसा 22-23 डिग्री आणि पाऊस फारसा नाही. रस्त्याकडेला आंबे, फणस, आणि चक्क आपल्या साळुंक्या, ह्या साळुंक्या मूळच्या आपल्याकडच्याच, शंभरेक वर्षांपूर्वी तिकडे नेलेल्या. गोल्डन माइल नावाचा लांबलचक बीच आहे, शार्कसाठी समुद्रात जाळी टाकलेल्या असतात, लाइफगार्ड दोन झेंड्यांच्या मध्येच पोहायला सांगतात ते ऐका. क्षितिजावर बंदरात शिरायला थांबलेली जहाजं रांगेत दिसतात, ते बघत बसायला मला तरी फार आवडलं.

ह्याच बंदरात 16 नोव्हेंबर 1860 ला ट्रुरो नावाचं जहाज मद्रासहून 342 माणसं घेऊन लागलं, उसाच्या मळ्यात पाच वर्षांच्या करारावर राबायला. पुढे 1911 पर्यंत दीड लाखावर माणसं अशी आली, बहुतेक तमिळ, तेलुगू आणि यूपी-बिहारकडची. त्यांचीच पणतवंडं आज तिथे मसाले विकतात, वकिली करतात, आणि बनी चाऊ खिलवतात! हा प्रकार खाल्ल्याशिवाय येऊ नका. न कापलेल्या पावाचा पाव भाग घेऊन आतून पोखरतात, त्यात झणझणीत मटणाचा रस्सा बटाट्यासकट ओततात आणि काढलेला मऊ पाव वर ठेवतात. 'क्वार्टर मटण' एवढंच सांगायचं. चमचा मागू नका, आधी वरचा तुकडा बुडवून खायचा, मग भिंती तोडत खाली यायचं, रस्सा मुरलेला तळाचा पाव शेवटी येतो आणि तोच सगळ्यात भारी लागतो. बिन्सचा शाकाहारी पण मिळतो.

आता मुद्द्याची गोष्ट. ही जहाजं 1911 ला थांबली ती आपोआप थांबली नाहीत. 1910 मध्ये कलकत्त्याला इम्पीरियल कौन्सिलमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या कायदेमंडळात, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी नाताळला (डर्बन ज्यात येतं त्या प्रांताला) मजूर पाठवणं बंद करा असा ठराव मांडला, सरकारला तो मान्य करावा लागला आणि पुढच्या वर्षी भरती बंद झाली. गोखले आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, कोतळूकचे. ते एवढ्यावर थांबले नाहीत, 1912 ला तब्येत बरी नसताना स्वतः तिकडे गेले. करार संपल्यावर जो मजूर तिथेच राहील त्याला वर्षाला 3 पौंड टॅक्स, सोळा वर्षांवरच्या मुलाला वेगळा, तेरा वर्षांवरच्या मुलीलाही वेगळा, आणि करारावरचा पगार सुरुवातीला महिना 10 शिलिंग (20 शिलिंगचा एक पौंड), म्हणजे एका माणसाचा टॅक्स सहा महिन्यांच्या पगाराएवढा! हा टॅक्स काढा म्हणून गोखले तिथले पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स ह्यांना भेटले. टॅक्स निघाला 1914 ला, पण त्याआधी 1913 चा मजुरांचा मोठा संप व्हावा लागला. ह्याच दौऱ्यात गांधीजींच्या आग्रहावरून जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि मराठी हिंदूंसमोर गोखले मराठीत बोलले आणि गांधीजींनी ते हिंदुस्तानीत सांगितलं. आपल्या किती जणांना हे माहीत आहे? शाळेत आम्हाला गोखले म्हणजे गांधींचे गुरू एवढ्या एका ओळीत संपवले होते.

डर्बनपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर इनांदा आहे. तिथे गांधीजींनी 1904 ला काढलेली फीनिक्स वसाहत आहे, गोखलेही तिथे येऊन गेले. 1985 च्या दंगलीत गांधींचं पत्र्याचं घर जाळलं गेलं, ते परत उभारून 2000 मध्ये खुलं केलं. छोटं साधं घर आहे, आजूबाजूला दाट वस्ती. तिथून जवळच जॉन डुबेंची ओहलांगे शाळा, डुबे म्हणजे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष, आणि 1994 ला मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत ह्याच शाळेत टाकलं. गोखले 1912 ला गांधींबरोबर ह्या शाळेतही गेले होते. एवढा इतिहास एका वस्तीत आणि आपल्या टूरवाल्यांकडे त्याला अर्धा दिवस नाही, ह्याचं खरंच वाईट वाटतं.

जाणाऱ्यांनी लोकल गाइड घेऊनच इनांदाला जावं, आणि शहरात अंधार पडल्यावर पायी फिरू नये, टॅक्सी करावी. टूर कंपन्यांना विनंती आहे की डर्बनचा निदान एक पूर्ण दिवस ठेवा, आणि पीटरमारित्झबर्ग, जिथे गांधींना ट्रेनमधून उतरवलं ते स्टेशन, 80 किलोमीटरवरच आहे तेही जोडा. आणि साहेब, 9 मे ला गोखल्यांची जयंती असते, त्या आठवड्यात रविवारच्या पुरवणीत त्यांच्या ह्या आफ्रिका दौऱ्यावर एखादं पान द्याल का?

आपला नियमित वाचक,
चिपळूण