नाव न विचारता राहून गेलेल्यांचे आभार

ह्यांच्या क्लस्टर डोकेदुखीवर (डोक्याच्या एकाच बाजूला, डोळ्याभोवती झटक्याझटक्याने उठणारी भयंकर कळ) अखेर ऑपरेशन झालं. मानेच्या वर, डोक्यामागच्या ऑक्सिपिटल नसांपाशी कातडीखाली त्या नसांना सौम्य वीज देणाऱ्या तारा आणि छातीत बॅटरी. डॉक्टरांचे आभार समक्ष मानले, बाकीच्यांचे राहिले.

अपरात्री खांद्यावरून सिलिंडर चढवून देणारे दादा, झटका शमवायला मिनिटाला १२ लिटर प्राणवायू म्हटल्यावर तुम्ही वाद न घालता मोठा रेग्युलेटर लावून दिलात. आणि वॉर्डातल्या मावशी! झटका आला की ह्यांच्या एकाच डोळ्यातून पाणी, एकीकडचं नाक चोंदलेलं, येरझाऱ्या सुरू. ‘पडून राहा’ असं (आमच्या नातेवाइकांसारखं) न म्हणता तुम्ही मुकाट्याने वाटेतलं स्टूल सरकवलंत.

झटके थांबले नाहीत, पण बरेच कमी झालेत. दादा, एक सिलिंडर अजून आमच्याकडेच राहू द्या.