बर्फावर पडल्यावर धावून आलेल्यांचे आभार

जानेवारीत कॅनडातील मिसिसागा येथील आमच्या गोदामाच्या लोडिंग डॉकबाहेर, गोठत्या पावसाने डांबरावर धरलेल्या आणि डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या बर्फाच्या पापुद्र्यावरून घसरून माझ्या उजव्या मनगटाचे हाड मोडले, त्या वेळी धावून आलेल्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. ज्या ट्रकचालकांनी मला घाईने न उठवता आधी मान-पाठ दुखते का हे विचारले, स्वतःचा कोट माझ्या अंगावर घातला आणि खोक्याचा जाड पुठ्ठा मनगटाखाली धरून तो मफलरने बांधला, त्यांचे नावही मला विचारता आले नाही. रात्रपाळीच्या एका ताईंनी बर्फ वितळण्यापूर्वीच जागेची छायाचित्रे काढली आणि ऑन्टॅरिओ प्रांताच्या कामगार विमा मंडळाचा सहा क्रमांकाचा अर्ज, म्हणजे कामगाराने स्वतःच्या दुखापतीची माहिती कळवण्याचा अर्ज, माझ्यासाठी भरला. उजवा हात प्लास्टरमध्ये असताना हे उपकार केवढे, ते भोगणाऱ्यालाच कळते. (नाव लिहायचे नाही, अशी त्या ताईंची सक्त ताकीद आहे.) उणे पंधरा अंशांखाली साधे मीठ फारसे चालत नाही, हे जाणून त्याच रात्री तेथे वाळू पसरणाऱ्या सफाई कामगारांचाही मी ऋणी आहे.