उत्तर अर्धंच मिळालंय

धरमपेठ, नागपूर

प्रिय सुहास,

अवकाशातून येणाऱ्या क्षणिक रेडिओ-स्फोटांचं मूळ काय, यावर बोलताना परवा फोनवर तू म्हणालास, "मॅग्नेटार सापडला ना, मग आता शोधायचं काय उरलं?" तेव्हा घाईत होतो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आज गच्चीवर अंथरूण टाकलंय, खालून कुलरची घरघर ऐकू येतेय. आता सविस्तर लिहितो.

असा पहिला रेडिओ-स्फोट, म्हणजे रेडिओ लहरींचा क्षणभराचा लखलखाट, ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीनं 2001 मध्येच टिपला होता, पाच मिलिसेकंदांहूनही छोटा. नोंद सहा वर्षं पडून राहिली. 2007 मध्ये खगोलशास्त्रज्ञ डंकन लोरिमर आणि त्यांच्या विद्यार्थ्यानं जुना साठा चाळला, म्हणून तो दिसला. हे चाळणं मला फार मोलाचं वाटतं.

तो दूरचा हे कशावरून? आठव, मारबतीची मिरवणूक बघायला आपण इतवारीत घुसायचो. निघायचो सगळे एकत्र. तू बारीक, गर्दीतून सुळकन पुढे, काका पार मागे. गर्दी जितकी दाट नि रस्ता जितका लांब, तितकी काकांची वाट बघावी लागायची. अवकाशात ती गर्दी इलेक्ट्रॉनांची. जास्त वारंवारतेच्या लहरी आधी पोचतात, कमी वारंवारतेच्या रेंगाळतात. पार्क्सच्या स्फोटात हा उशीर इतका होता, की त्या दिशेचे आपल्या आकाशगंगेतले सगळे इलेक्ट्रॉन धरले तरी हिशेब जुळेना. म्हणजे तो बाहेरूनच आला होता.

तुझ्या मॅग्नेटारची गोष्ट 28 एप्रिल 2020 ची. मॅग्नेटार म्हणजे प्रचंड चुंबकत्वाचा न्यूट्रॉन तारा, मोठा तारा फुटल्यावर उरणारा अतिदाट गोळा. हा आपल्याच आकाशगंगेतला, आणि त्यानं असाच स्फोट केला. मीही तेव्हा हरखलो होतो. पण मॅग्नेटार सहसा मोठा तारा फुटून नुकताच जन्मलेला असतो. मग एम 81 दीर्घिकेजवळ, सुमारे 1.2 कोटी प्रकाशवर्षांवर, असेच स्फोट सापडले एका गोलाकार तारकागुच्छात! तिथले तारे अब्जावधी वर्षांचे म्हातारे. फुटण्याजोगे मोठे तारे केव्हाच संपले. त्या वस्तीत हे तान्हं बाळ आलं कुठून? दोन श्वेत बटू, म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्यांचे उरलेले दाट गाभे, एकत्र येऊन जन्मलं असेल, असा एक तर्क आहे. मला तो पटतो, पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

शिवाय काही स्रोत पुन्हापुन्हा स्फोट करतात, एक तर सुमारे 16 दिवसांच्या ठेक्यात. बहुतेक मात्र एकदाच दिसलेत. सगळ्यांचं मूळ एकच का? त्या 16 दिवसवाल्याकडे आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनंही कान लावला होता. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, तुझ्या पुण्यापासून काही तासांवर, आणि तू अजून पाहिल्या नाहीस!

विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं. फेब्रुवारी लांब आहे, पण आत्ताच ठरवू. मी रात्रीच्या गाडीनं पुण्याला येतो, नारायणगावपर्यंतची सोय तू बघ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय