ज्यांनी नावे घालू दिली नाहीत, त्यांचे आभार

आमच्या रॉक बँडचा पहिला अल्बम पूर्ण झाला असून, ज्यांची नावे श्रेयनामावलीत नाहीत, किंबहुना ज्यांनी ती घालू दिली नाहीत, त्यांचे जाहीर आभार मानणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ध्वनिमुद्रण सोलापूरच्या पूर्व भागातील एका बंद यंत्रमाग कारखान्यात झाले. पत्र्याखाली ड्रमचा ठोका इतका घुमत असे, की झांजांपुढे गायकाचे शब्दच कळेनात. शेजारच्या कारखानदारांनी दुय्यम प्रतीच्या जेकार्ड चादरी विनामूल्य दिल्या; भिंतीपासून वीतभर अंतर सोडून त्या दुहेरी टांगल्यावर खणखणाट निवला, मात्र बेसचा घुमारा कापडाला दाद देईना. तेव्हा तिथल्याच एका वयस्कर जॉबरने (माग जुळवून-दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) 'आधी कोपरे भरा' असे सांगून टाकाऊ सुताची पोती छतापर्यंत स्वतः रचून दिली. (जन्मभर मागांच्या खडखडाटात वावरलेला हा कान आमच्यापेक्षा तयार निघाला, याची किंचित लाज वाटते.)

लगतचे माग दिवसभर चालत असल्याने आम्ही पाळी सुटल्यावर रात्री वाजवत असू, आणि माइकमध्ये आवाज येतो म्हणून ऐन मे महिन्यातही पंखे बंद ठेवत असू. त्या रात्री ज्या मावशींनी तक्रार करण्याऐवजी माठातले पाणी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली, त्यांच्या मोडलेल्या झोपेचे आम्ही ऋणी आहोत.

चादरी धुऊन परत केल्या आहेत. एकीवर सोल्डरिंगचा डाग पडला; तिची किंमत मालकांनी घेतली नाही.